मीटरची वायर

लाँचवर ती एकटी असली की इंजिन मुकाट्यानं चालायचं आणि चार माणसं बसली की नेमकं भर पाण्यात दगा द्यायचं. थोरलीला हे आठ महिन्यांपासून ठाऊक होतं, पण तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मधल्या भावानं लगेच म्हटलं असतं, "म्हणजे तुझ्यावरच गेलंय की!" आणि ते ऐकून घ्यायची तिची तयारी नव्हती, कारण त्यात थोडं तथ्य होतं.

बाबा जाऊन आठ महिने झाले. तेव्हापासून तिनं त्या म्हाताऱ्या पेट्रोल इंजिनाचे प्लग बदलले, पॉइंट तीनदा बदलले, कंडेन्सर बदलला, शेवटी कॉइलसुद्धा नवी घातली. प्रत्येक वेळी इंजिन सुरू झालं आणि प्रत्येक वेळी तिला वाटलं, चला, सापडलं. मग पाचसहा दिवसांनी उतारू घेऊन निघावं, मध्यावर यावं आणि सगळं गप्प व्हावं. गेल्या महिन्यात तर चौदा माणसांसकट लाँच वाहत पुलाच्या खांबापर्यंत गेली. एका बाईनं रडून आकाशपाताळ एक केलं, बाकीच्यांनी तक्रारीच्या कागदावर सह्या केल्या, आणि ती बातमी दोन दिवसांत दोन्ही भावंडांच्या घरी पोचली.

म्हणून काल संध्याकाळी दोघं येऊन दाखल झाली होती. मधला त्याच्या विमा कंपनीतून सुट्टी काढून, धाकटी मुलींना नवऱ्यावर सोपवून. आणि आज सकाळी, कुणी बोलावलं नसताना, काका आले. चौतीस वर्षांत त्यांनी या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. बाबांच्या शेवटच्या दिवशीसुद्धा बाहेर रस्त्यावर उभे होते. आज सरळ आत येऊन खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "लाँच नेऊन बघणार म्हणे तुम्ही. मलाही न्या बरोबर."

चहा पितापिता अट ठरली होती. ठरली म्हणजे मधल्यानं ठरवली.

"हे बघ ताई, पलीकडच्या धक्क्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. एकदाही बंद पडली नाही तर लाँच तुझी. मी पुन्हा तोंड उघडणार नाही. पण एकदा जरी बंद पडली ना, तर ती मोडीत काढायची आणि तू माझ्याकडे राहायला यायचं. मागची खोली रिकामीच आहे."

"त्या खोलीत तुझ्या मुलाची सायकल आणि इस्त्रीचं टेबल आहे," थोरली म्हणाली.

"काढू की. माणसापेक्षा सायकल मोठी आहे का?"

"दादाचं बरोबर आहे ग," धाकटी म्हणाली. "तुला काही झालं म्हणजे? छप्पन्न वर्षांची झालीस. रात्र रात्र आम्हाला झोप नाही."

थोरलीनं काकांकडे पाहिलं. काका बशीतला चहा बघत होते. तिनं कप धुवून पालथा घातला आणि किल्ली घेतली. दोघं मनापासून बोलत होती हेच तर वाईट होतं. भांडायला आली असती तर तिनं दोन शब्द सुनावून वाटेला लावलं असतं. काळजीला काय उत्तर देणार? पण त्या मागच्या खोलीत आपण सकाळी उठून काय करणार, हे तिला कितीही विचार केला तरी दिसत नव्हतं. घरात बाबांचा पलंग रिकामा झाल्यापासून ती दिवसभरात जे काही बोलायची ते इंजिनाशीच.

लाँचमध्ये शिरताना पहिली ठिणगी पडली. मधला पुढच्या बाजूच्या डाव्या फळीवर जाऊन बसला.

"अरे, तिथे नको," धाकटी म्हणाली. "बाबांची जागा आहे ती."

"मग? फळीच आहे ना?"

"पण कुणी बसत नाही तिथे."

"उतारू बसतात," थोरली म्हणाली. "आता बसतात."

ते खरं होतं. बाबा उभे असोत की बसलेले, त्या फळीवर दुसरं कुणी टेकायचं नाही असा शिरस्ता होता. शेवटची दोन वर्षं ते अंथरुणाला होते तेव्हाही थोरलीनं तिथे दोराचं वेटोळं ठेवून ती जागा राखली. ते गेल्यावर आठवड्याभरानं तिनं दोर उचलला, कारण गर्दीच्या वेळी उतारूंना उभं ठेवणं काही बरं दिसत नव्हतं. त्या दिवशी तिला चोरी केल्यासारखं वाटलं होतं.

मधला ऐसपैस बसला. काका मागच्या टोकाला, पाण्याकडे तोंड करून. धाकटी इंजिनाच्या पेटीशेजारी. थोरलीनं सेल्फ मारला आणि इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं.

पहिली दहा मिनिटं गेली. सगळे कान देऊन होते. मग इंजिन आपलं एका लयीत चाललंय म्हटल्यावर धाकटीला धीर आला आणि तिची जीभ सुटली.

"दादा, आठवतं का रे, ताईनं पहिल्यांदा इंजिन दुरुस्त केलं ते? इथेच ना कुठेतरी?"

"मी दहा वर्षांचा होतो. तू सहा. आपण धक्क्यावर उभे होतो, तीन तास. मला आठवतं, तू रडत होतीस."

"भूक लागली होती मला. आणि मग ताई आली, कोपरापर्यंत काळी! बाबा ओरडत होते, पोरीनं भर पाण्यात इंजिन दुरुस्त केलं! मी माझ्या मुलींना किती वेळा सांगितलंय. त्यांना पाठ आहे."

थोरली समोर बघत राहिली, पण तिला बरं वाटलं. ही गोष्ट प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात निघायची आणि प्रत्येक वेळी ती अशीच दुसरीकडे बघायची. त्या दिवशी ती बाविशीची होती. पलीकडच्या मोठ्या कारखान्यात जहाजांची इंजिनं जोडायच्या कामावर तिची निवड झाली होती. परीक्षेत पहिली आली होती खरी, पण घरच्या इंजिनाला बाबांनी तिला कधी बोट लावू दिलं नव्हतं. दुपारी बाराच्या आत हजर व्हायचं, नाही तर यादीतल्या पुढच्याला जागा, असं पत्रात लिहिलेलं. बाबा स्वतः सोडायला निघाले होते. आणि मध्यावर इंजिन बंद पडलं. "तू एवढी शिकलीस ना? बघ," असं बाबा म्हणाले आणि ती बघत राहिली, प्लग काढ, घास, लाव, पुन्हा काढ. एक वाजून गेला. मग एकदा ते सुरू झालं.

कारखाना गेला. पण बाबा म्हणाले होते, "आता तिकडे शिकायला काय राहिलंय तुला? आजपासून इंजिन तुझं. वायरिंग तेवढं माझ्याकडे." त्या एका वाक्यावर तिनं चौतीस वर्षं काढली. आई अंथरुणाला होती, ही दोघं लहान होती, ते सगळं खरंच. पण ती राहिली ती काही नाइलाजानं नाही, असं ती स्वतःला सांगायची. आपल्या हाताला गुण आहे, हे तिला त्या दिवशी कळलं होतं.

आणि नेमकं तेव्हाच इंजिन बंद पडलं.

मधल्यानं घड्याळात पाहिलं. धाकटीनं तोंडावर हात ठेवला. पाण्याचा आवाज एकदम मोठा झाला.

"झालं," मधला म्हणाला. विजय मिळाल्यासारखा नाही, थकल्यासारखा. "ताई, मला वाईट वाटतंय, पण झालं."

"हलू नकोस," थोरली म्हणाली.

"काय?"

"कुणी हलू नका. जिथे आहात तिथेच बसा."

दर वेळी हेच व्हायचं. इंजिन बंद पडलं की उतारू घाबरून उभे राहायचे, इकडून तिकडे व्हायचे आणि तिनं झाकण काढेपर्यंत बिघाड पळून जायचा. धक्क्याला लावून तपासावं तर सगळं ठीक. आज मधला मात्र हाताची घडी घालून, हट्टानं, मुक्काम ठोकल्यासारखा बसला होता. त्याचा हट्ट आयुष्यात पहिल्यांदा तिच्या कामी आला.

"पेट्रोल तर नसेल ना संपलं?" धाकटीनं विचारलं.

"पेट्रोल कमी पडलं तर इंजिन आधी खोकतं, अडखळतं. हे खोकलं का? बटण दाबून दिवा घालवावा तसं गेलं. ठिणगीच गेली आहे. किल्लीपाशी ये आणि मी सांगेन तेव्हा सेल्फ मार."

तिनं दोन वायरींचा छोटा बल्ब काढला. त्याचं एक टोक इंजिनाच्या लोखंडाला लावलं, दुसरं कॉइलला जिथून बॅटरीचा करंट येतो तिथे. बल्ब लागला. येणारा करंट येत होता. मग तिनं तेच टोक कॉइलच्या दुसऱ्या अंगाला लावलं.

"मार."

इंजिन घरघरलं. बल्ब लुकलुकायला हवा होता, कारण पॉइंट उघडमिट करतात तसा तो करंट तुटतो, आणि तुटतो तेव्हाच ठिणगी पडते. बल्ब ठार काळा.

"म्हणजे काय ग?" धाकटीनं विचारलं.

"म्हणजे करंट आधीच कुठेतरी लोखंडाला टेकून निघून जातोय. मग पॉइंट बिचारे तोडणार काय?"

तिनं पॉइंटकडे जाणारी वायर सोडवली. बल्ब तरीही काळा. म्हणजे तीनदा बदललेले पॉइंट तिन्ही वेळा निर्दोष होते. तिला स्वतःचंच हसू आलं. आता त्या टोकाला एकच वायर उरली होती, पिवळी, विटलेली, डॅशबोर्डकडे जाणारी. मीटरची वायर. इंजिनाचे फेरे मोजणारं ते मीटर तिनं कधी चालताना पाहिलं नव्हतं. काटा कायम शून्यावर. "बिघडलंय, राहू दे," एवढंच बाबा म्हणायचे. आणि डॅशबोर्डच्या मागे हात घालायचा नाही, वायरिंग बाबांचं, हा कायदा ते गेल्यावरही तिनं पाळला होता. आठ महिने तिनं सगळं इंजिन पालथं घातलं, पण त्या तीन स्क्रूंच्या झाकणाला हात लावला नव्हता.

तिनं पिवळी वायर सोडवली. बल्ब लागला.

"सापडलं," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून बारीक निघाला.

तिनं पॉइंटची वायर परत जोडली, पिवळी तशीच लोंबकळत ठेवली. "मार." इंजिन सुरू झालं. मधला फळीवर बसलेलाच होता आणि इंजिन चालत होतं.

धाकटीनं टाळ्या वाजवल्या. "दादा, हे धरायचं नाही हं! बिघाड सापडला."

"अट होती," मधला म्हणाला.

"अट गेली खड्ड्यात. तू मघाशी काय म्हणालास? ताईला काही झालं तर, असं ना? मग आता काय होणार आहे तिला? तुला फक्त तुझं खरं करायचंय."

"मी? आणि काल गाडीत, मागच्या खोलीला पडदे कुठले लावायचे, ते कोण बोलत होतं?"

"ते काल."

थोरली ऐकत नव्हती. ती डॅशबोर्डसमोर गुडघे टेकून बसली होती. बाबांनी दरवर्षी रंग देताना त्या तीन स्क्रूंवरूनही ब्रश फिरवलेला. खाचांतला रंग टोकरून काढावा लागला. झाकण निघालं. मीटरच्या पाठीला एकही वायर नव्हती. पिवळी वायर त्याच्या बाजूनं सरळ खाली गेली होती, लाकडातल्या भोकातून, डाव्या फळीच्या दिशेनं.

"ऊठ रे जरा."

मधला उठला. तिनं फळी उचलली. फळी ज्या लोखंडी पट्टीवर टेकायची तिच्यावरूनच वायर गेली होती. वरचं आवरण दाबून दाबून फाटलं होतं आणि आतलं तांबं दिसत होतं. माणूस बसला की फळी हळूहळू वाकत जायची, मध्यावर पाण्याच्या हिसक्यानं तांबं पट्टीला टेकायचं आणि टेकलेलंच राहायचं, ठिणगी जायची. माणूस उठला की सगळं ठीक. इतकं साधं होतं ते. पण वायर तिथे संपत नव्हती. पुढे वीतभर अंतरावर, बसलेल्या माणसाचा डावा हात सहज पोचेल अशा बेतानं, एक छोटा पितळी खटका बसवलेला होता.

"हे काय आहे?" मधल्यानं वाकून विचारलं.

"चोरांसाठी," मागून काका म्हणाले. सकाळपासून त्यांचा हा दुसराच शब्द. "त्या साली दोन लाँचा चोरीला गेल्या होत्या. खटका टाकला की इंजिन सुरू होत नाही. मीच बसवला होता." काका जन्मभर वायरमन होते.

"भारी!" मधला म्हणाला. "बाबा म्हणजे पक्के होते हं."

थोरलीनं खटका बोटानं खाली केला, वर केला. चौतीस वर्षांत गंजला नव्हता. आणि मग तिला तो दिवस आठवला, गोष्टीत सांगतात तसा नाही, जसा झाला तसा. ती तीन तास इंजिनाशी झटत होती आणि बाबा या फळीवर बसून होते. एकदाही उठले नाहीत. पान्हासुद्धा हातात दिला नाही. उजव्या हातानं डोळ्यांवर सावली धरून पलीकडच्या किनाऱ्याकडे बघत होते आणि डावा हात फळीखाली होता. एक वाजून गेल्यावर म्हणाले, "आता मार." आता. तिनं त्या वेळी काही वेगळं केलंच नव्हतं. तोच प्लग, पाचव्यांदा घासलेला.

तिनं फळी जागेवर ठेवली आणि सुकाणू हातात घेतलं. पलीकडच्या धक्क्याला वळसा घालून ती परत फिरली. येताना इंजिन एकदाही अडखळलं नाही. सगळ्या माणसांसकट नीट चाललं, आणि तिला त्याचा आवाज ऐकवत नव्हता.

धक्क्याला लागल्यावर मधल्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "जिंकलीस. लाँच तुझी. पण रोज संध्याकाळी फोन करायचा, ही नवी अट." तो आणि धाकटी पायऱ्या चढून वर गेले, दुपारची गाडी गाठायची होती. काका खालीच राहिले. थोरली दोर बांधत होती, बांधलेला सोडून पुन्हा बांधत होती.

"चोरांसाठी बसवला हे खरं?" तिनं वर न बघता विचारलं.

"खरं. त्याच्या गळ्याची शपथ घेतली असती, पण आता तो नाही."

"आणि त्या दिवशी?"

काका पायरीवर बसले. "संध्याकाळी माझ्याकडे आला. म्हणाला, तुझा खटका चांगला चालतो. मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी म्हटलं, आत्ता जा आणि पोरीला सांग. उद्या जाऊन हातापाया पडली तर घेतील अजून. तर म्हणाला, बायको उठत नाही, दोन लेकरं लहान, मी एकटा काय करू? मी म्हटलं, मग हेच तिला सांग ना. राहशील का, असं विचार. तर म्हणाला, विचारलं आणि नाही म्हणाली तर?"

थोरलीच्या हातातला दोर तसाच राहिला. "विचारलं असतं तर मी राहिले असते, काका."

"मी त्याला हेच सांगितलं. तेव्हापासून आम्ही बोललो नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"दुसऱ्या दिवशी सांगायलाच आलो होतो. तू दारात उभी होतीस. नखांतलं ग्रीस निघालं नव्हतं. मला बघून पळत आलीस आणि म्हणालीस, काका, मी इंजिन दुरुस्त केलं!" काकांनी चष्मा काढून पुसला. "इतकी खूश मी तुला आधी पाहिली नव्हती. जीभ रेटेना पोरी. म्हटलं, कारखाना तर गेलाच, आता एवढं तरी राहू दे तिच्याकडे."

तिनं लाँचमधल्या डाव्या फळीकडे पाहिलं. चौतीस वर्षांतले सगळे बिघाड तिच्या डोळ्यांसमोरून जात होते, धाकटीच्या लग्नाआधीचा, कारखान्याचं दुसरं पत्र आलं त्या आठवड्यातला, भर वादळातला. प्रत्येक वेळी तिनं झटून इंजिन सुरू केलं होतं आणि प्रत्येक वेळी बाबा डाव्या फळीवर बसलेले होते.

"नंतर कितीदा?" तिनं विचारलं.

"ते मला नाही माहीत."

वरून धाकटीचा आवाज आला. ती फोनवर मुलींशी बोलत होती, चालता चालता, हसत. "अग, मावशीनं आज परत भर पाण्यात इंजिन दुरुस्त केलं! हो, त्या गोष्टीतल्यासारखंच! मी स्वतः सेल्फ मारला!" मग कठड्यावरून वाकून तिनं हाक मारली, "ताई, या विश्वास ठेवत नाहीयेत. सांग ना ग यांना. ही दुसरी वेळ ना?"

तिनं फोन खाली धरला होता. थोरलीनं वर पाहिलं. पायरीवर काका मान खाली घालून बसले होते.

"नाही ग," ती मोठ्यानं म्हणाली. "पहिलीच."

धाकटी हसली, मधलाही हसला, आणि फोनमधल्या दोन्ही मुली हसल्या.